हर्पिसच्या रिपोर्टवरचा १.४

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी लॅबच्या खिडकीशी आली. हातात दुसऱ्याच कुठल्या लॅबचा रिपोर्ट, चार घड्या घातलेला. काउंटरवर तिनं तो उलगडलाच नाही. माझ्या खोलीत येऊन दार लोटलं आणि मगच कागद टेबलावर ठेवला. अडीच महिन्यांवर लग्न. दोन्ही घरांनी मिळून 'लग्नाआधीचं पॅकेज' ठरवलेलं: थॅलसेमिया, एचआयव्ही, कावीळ, साखर, थायरॉइड. सगळं ठीक. शेवटच्या पानावर तळाला एक ओळ ठळक अक्षरात: 'हर्पिस सिम्प्लेक्स २ आयजीजी – १.४ – पॉझिटिव्ह'. तिच्याभोवती निळ्या बॉलपेननं गोल.

"हा गोल बाबांनी केलाय," ती म्हणाली. मग खूप हळू आवाजात, "सर, माझा कधी कुणाशी संबंधच आला नाहीये. मग हे आलं कुठून?"

सज्ञान मुलीचा रिपोर्ट आधी बाबांच्या व्हॉट्सअॅपवर कसा पोचला, हा एक वेगळाच लेख होईल. त्या दिवशी तासभर बसून तिला जे सांगितलं, ते इथं लिहितो. कारण असा कागद घेऊन येणारी ती एकटी नाही. मागच्या शनिवारी काहीतरी घडलं म्हणून बुधवारी रक्त द्यायला आलेला मुलगा असतो. दोनदा गर्भ पडलेली बाई असते, तिच्या फाईलमध्ये 'टॉर्च' या गर्भपातानंतरच्या तपासणीपुढे 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं आणि घरचे तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलेले असतात. तिघांचे प्रश्न वेगळे, पण गाठ एकच. रक्ताची ही तपासणी नेमकं काय बघते आणि कधी बघते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

नागीण वेगळी, हे वेगळं

डॉक्टर 'हर्पिस' म्हणाले की आपल्याकडे निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर नागीण येते. कमरेला किंवा छातीला एका बाजूनं उठणारी, आग आग करणारी फोडांची माळ. तिचं वैद्यकीय नाव हर्पिस झोस्टर. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते आणि लैंगिक संबंधांशी तिचा काही संबंध नाही. आपण बोलतोय ते हर्पिस सिम्प्लेक्सबद्दल. आणि वरचेवर 'तोंड येतं' ते तिसरंच, तो बहुतेक वेळा हर्पिस नसतो.

हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार. टाइप १ मुख्यतः तोंडाचा. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला फोडांचा झुबका उठतो, तो हाच. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, कुणाच्या तरी पाप्यातून नाहीतर लाळेतून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांच्या शरीरात तो आहे, म्हणजे दर तिघांत जवळपास दोघांच्या. टाइप २ मुख्यतः जननेंद्रियांचा, लैंगिक संबंधातून पसरणारा. १५ ते ४९ वयातल्या सुमारे ५२ कोटी लोकांना तो आहे असा अंदाज आहे, म्हणजे शंभरात तेरांना. टाइप १ सुद्धा मुखमैथुनातून खाली पोचू शकतो, त्यामुळे 'एक म्हणजे वर, दोन म्हणजे खाली' ही विभागणी पक्की नाही.

एकदा शिरलेला हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन बसतो आणि जन्मभर तिथंच राहतो. मधूनच जागा होतो, फोड येतात, आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. पण बहुतेकांना काहीच होत नाही, किंवा इतकं किरकोळ होतं की घामोळं म्हणून सोडून दिलं जातं. मुळासकट काढून टाकणारं औषध नाही. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर या गोळ्यांनी फोड लवकर बसतात आणि वरचेवर येणंही कमी होतं.

रक्तात विषाणू शोधतच नाहीत

इथं सगळ्यांची गल्लत होते. विषाणू मज्जातंतूत आणि कातडीत. रक्तात तो सहसा फिरत नसतो, म्हणून रक्तात त्याला कुणी शोधतही नाही. रक्तात शोधतात त्या अँटीबॉडी, म्हणजे त्या विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं.

तीर्थाच्या गावी भक्तनिवासात वही असते. कोण उतरलं होतं ते तिच्यात लिहिलेलं सापडतं. अँटीबॉडी म्हणजे ती वही. फक्त आपल्या या वहीत नाव असतं, तारखेचा रकाना नसतो आणि खोली नंबरही नसतो. 'टाइप १ पॉझिटिव्ह' याचा अर्थ, हा पाहुणा कधीतरी येऊन राहिलाय. चौथीत असताना की गेल्या वर्षी, ओठावर की आणखी कुठं, यातलं काहीही वही सांगत नाही.

तपासणी कशी होते तेही बघून घ्या, म्हणजे तो १.४ कुठून येतो ते कळेल. बहुतेक ठिकाणी एलायझा नावाची पद्धत असते. प्लास्टिकची तळहाताएवढी पट्टी, तिला आप्पेपात्रासारखे ९६ इवले खळगे. खळग्यांच्या तळाशी विषाणूचं एक प्रथिन आधीच चिकटवलेलं असतं. त्यात तुमच्या रक्ताचा पिवळसर निवळ भाग एक-दोन थेंब घालायचा. अँटीबॉडी असतील तर त्या तळाला चिकटतात, बाकीचं धुऊन टाकायचं. मग रंग देणारी रसायनं. खळग्यात निळं उमटतं, वर आम्लाचा थेंब पडला की त्याचं पिवळं होतं. मशीन त्या पिवळ्याचा गडदपणा मोजतं आणि किटबरोबर आलेल्या 'इथून पुढे पॉझिटिव्ह' या नमुन्याच्या गडदपणानं भागतं. भागाकार आला तो तुमचा आकडा. १.४ म्हणजे तुमच्या खळग्याचा रंग उंबरठ्यापेक्षा जरासा गडद. रोग १.४ इतका आहे, असं अजिबात नाही. मशीनला पिवळं कळतं, माणूस कळत नाही.

आणि हो, या तपासणीला उपाशीपोटी यायची गरज नाही. तरी लोक येतातच.

आयजीएम नावाची डोकेदुखी

अँटीबॉडीच्या दोन जाती रिपोर्टवर दिसतात, आयजीएम आणि आयजीजी. आयजीएम आधी तयार होते, आयजीजी मागाहून येऊन टिकून राहते, एवढं पुस्तकात असतं. त्यावरून सरळ निष्कर्ष निघतो: आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे लागण ताजी, आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे जुनी. काही आजारांत हे बऱ्यापैकी चालतं. हर्पिसमध्ये चालत नाही.

जुना विषाणू पुन्हा जागा झाला की आयजीएम पुन्हा वर येऊ शकते. ती टाइप १ ची की २ ची ते कळत नाही. विषाणूच्या चुलत घराण्यातलं दुसरं कुणी, कांजिण्यांचं वगैरे, येऊन गेलं असेल तरी ती उगाच ओ देते. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी हर्पिससाठी आयजीएम करूच नका असं स्पष्ट सांगते. तरी आपल्याकडच्या लॅबच्या दरपत्रकात 'एचएसव्ही १+२ आयजीएम' ही ओळ दिमाखात असते. आमच्याही होती. मी ती काढली, तेव्हा दोन डॉक्टरांनी फोन करून का काढली म्हणून विचारलं.

टॉर्चमधला शेवटचा 'एच' तो हाच हर्पिस. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस यांची ही एकत्र तपासणी गर्भपात झाला की हमखास लिहून दिली जाते. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं वारंवार गर्भपात होणाऱ्यांसाठी सरसकट टॉर्च करणं सोडून द्यावं, असं कधीच सांगून ठेवलंय. कारण साधं आहे. वारंवार गर्भ पडण्याचं कारण ठरायचं तर तो जंतू शरीरात टिकून राहून दर वेळी गर्भापर्यंत पोचला पाहिजे, आणि हे जंतू तसं वागत नाहीत. तरी टॉर्चच्या आयजीएमवर महिनोन्महिने गोळ्या घेतलेल्या बायका मी पाहिल्यात. गोळ्यांपेक्षा वाईट म्हणजे, 'तुझ्यातच काहीतरी आहे' हे ऐकत काढलेले महिने.

एकाच शाळेतले दोन भाऊ

टाइप १ आणि टाइप २ हे इतके सारखे आहेत, की त्यांची बरीचशी प्रथिनं जुळतात. एकाच शाळेत जाणारे दोन भाऊ समजा. तोच गणवेश, तेच दप्तर, फरक फक्त छातीवरच्या नावाच्या बिल्ल्यात. जी तपासणी गणवेश बघून ठरवते, ती धाकट्याला थोरला म्हणणारच. लहानपणी ओठावर फोड येऊन गेलेल्या माणसाला अशी तपासणी टाइप २ ठरवून मोकळी होते.

तो बिल्ला म्हणजे 'ग्लायकोप्रोटीन जी', थोडक्यात 'जीजी', नावाचं प्रथिन. दोन्ही प्रकारांत ते वेगळं असतं. म्हणून रक्त द्यायच्या आधी लॅबला एकच प्रश्न विचारा: "तुमची तपासणी टाइप-स्पेसिफिक आहे का, जीजीवर आधारलेली?" समोरच्याला कळलं नाही तर पॅथॉलॉजिस्टना बोलवायला सांगा. रिपोर्टवर '१+२' असं एकत्रच लिहिलेलं असेल, तर त्या पॉझिटिव्हवरून टाइप २ बद्दल काहीही म्हणता येत नाही. आपल्या देशात लहानपणीच टाइप १ घेतलेली माणसं इतकी, की '१+२ पॉझिटिव्ह' हा रिपोर्ट म्हणजे 'या माणसाचं बालपण माणसांत गेलं' एवढंच सांगणारा कागद.

विरजण लावून तासाभरात भांडं हलवू नका

आता बुधवारी आलेल्या त्या मुलाचं. शनिवारी संबंध आला, चौथ्या दिवशी रक्त दिलं, रिपोर्ट निगेटिव्ह. तो निर्धास्त झाला. त्याला सांगावं लागलं, की बाबा, हा शनिवारचा रिपोर्टच नाही. हा त्याच्या आधीच्या आयुष्याचा रिपोर्ट आहे.

शरीराला आयजीजी पुरेशी तयार करायला वेळ लागतो. दुधाला विरजण लावलं की लगेच दही होत नाही, आणि तासाभरात भांडं हलवून पाहिलं तर दूधच दिसणार. काहींच्या रक्तात तीन आठवड्यांत सापडण्याइतकी आयजीजी येते, बहुतेकांच्या रक्तात सहा ते बारा आठवड्यांत. थोड्या जणांना त्याहूनही उशीर लागतो, थंडीतल्या विरजणासारखा. म्हणून सीडीसीचा सल्ला असा, की नुकतीच लागण झाल्याचा संशय असेल आणि पहिली तपासणी निगेटिव्ह असेल, तर संशयाच्या दिवसापासून बारा आठवड्यांनी पुन्हा करा. दर आठवड्याला रक्त देत राहण्यात काही अर्थ नाही. पैसे जातात, झोप जाते.

चौथ्या दिवसाची तपासणी मग अगदीच फुकट का? नाही, तिचा एक उपयोग आहे, आणि तो फार कुणी सांगत नाही. टाइप-स्पेसिफिक आयजीजी चौथ्याच दिवशी चांगली घसघशीत पॉझिटिव्ह आली, तर ती शनिवारची असूच शकत नाही, पाहुणा आधीपासून मुक्कामाला होता. आणि चौथ्या दिवशी निगेटिव्ह, बारा आठवड्यांनी स्पष्ट पॉझिटिव्ह आली, तर लागण मधल्या काळातली. वहीत तारखेचा रकाना नाही म्हटलं खरं, पण दोन वेळा वही बघितली तर नाव कोणत्या दोन दिवसांच्या मध्ये चढलं ते कळतं. एकदाच बघून कधीच कळत नाही.

मग तो १.४?

नेहमीच्या एलायझात ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह आणि मधलं संशयास्पद असं धरतात. छापील नियमानं १.४ पॉझिटिव्ह. कॉम्प्युटर ते ठळक करतो, बाबा त्याला गोल करतात.

पण १.४ आणि ७.४ हे दोन्ही 'पॉझिटिव्ह' सारख्या वजनाचे नाहीत. टाइप २ साठी १.१ ते ३ या पट्ट्यातले रिपोर्ट पुष्कळदा खोटे ठरतात, हे बरीच वर्षं माहीत आहे. सीडीसीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की आकडा ३ च्या खाली असेल तर दुसऱ्या वेगळ्या पद्धतीनं पडताळल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही टाइप २ च्या रक्ततपासण्या चुकून पॉझिटिव्ह येऊ शकतात असा इशारा डॉक्टरांना, लॅबना आणि लोकांना दिला. पडताळणीची सर्वांत विश्वासाची पद्धत वेस्टर्न ब्लॉट ही मानतात, आणि सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाची त्यासाठी ख्याती आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या लॅबमध्ये ती होत नाही. त्यामुळे इथं व्यवहार्य मार्ग म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या, शक्यतो दुसऱ्या पद्धतीच्या टाइप-स्पेसिफिक किटवर पुन्हा तपासणं. त्याच लॅबमध्ये, त्याच किटवर पुन्हा केलं तर तीच चूक तितक्याच प्रामाणिकपणे पुन्हा होऊ शकते.

उलटी चूकही होते. टाइप १ साठी बऱ्याच वापरातल्या एका एलायझात खरोखर लागण असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे तीस सुटून जातात, असं मोजलं गेलंय. म्हणजे 'टाइप १ निगेटिव्ह' या ओळीवरही फार भिस्त ठेवायला नको.

स्टेशनच्या दारातली कमान

"पण सर, तपासणी ९५ टक्के अचूक आहे ना? मग मला असण्याची शक्यता ९५ टक्के." हे मला इंजिनीअर मंडळींनी सांगितलंय. ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशेब असा होत नाही.

समजा, हजार माणसं तपासली आणि त्यांतल्या शंभरांना खरंच टाइप २ आहे. तपासणी खऱ्या शंभरातल्या ९५ जणांना पकडते. उरलेल्या नऊशे निरोगी माणसांपैकी दर शंभरात पाच जणांवर ती उगाच ओरडते, म्हणजे ४५ जणांवर. पॉझिटिव्ह एकूण १४०, त्यांतले ४५ खोटे. जवळजवळ तीनातला एक.

आता हीच तपासणी अशा हजार जणांवर करा ज्यांच्यात जेमतेम दहा जणांना लागण आहे. ते दहाच्या दहा सापडले असं धरू. पण उरलेल्या ९९० मधल्या जवळपास पन्नास जणांवर ती उगाच ओरडेल. पॉझिटिव्ह साठ, त्यांतले पन्नास खोटे! तपासणी तीच, किट तेच, माणसं बदलली तेवढी.

रेल्वे स्टेशनच्या दारात मेटल डिटेक्टरची कमान असते. ती किल्ल्यांवर वाजते, पट्ट्याच्या बकलावर वाजते, डब्यावर वाजते. कुणी वळूनही बघत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे की इथून जाणाऱ्या हजारो लोकांपैकी जवळपास सगळे ऑफिसला निघालेत. विमानतळावर कमान वाजली तर माणसाला बाजूला घेऊन हातातलं यंत्र फिरवतात. नुसत्या आवाजावरून बेड्या तिथंही घालत नाहीत. हर्पिसच्या रिपोर्टवर मात्र आपण नुसत्या आवाजावरून बेड्या घालतो.

एचआयव्हीच्या बाबतीत आपली सरकारी व्यवस्था याबाबत शहाणी आहे. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह सांगण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात. हर्पिसला मात्र एक खळगा, एक आकडा आणि निळा गोल.

"तरी तपासून टाकलेलं बरं ना?"

सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न. पॅकेजमध्ये दोनशे-तीनशेचा फरक, मग सोडायचं कशाला?

अमेरिकेत लोकांनी कोणत्या तपासण्या कराव्यात हे ठरवणारी एक स्वतंत्र तज्ज्ञ समिती आहे. तिनं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलं, की लक्षणं नसलेल्या प्रौढांची, गरोदर स्त्रिया धरून, जननेंद्रियांच्या हर्पिससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये. फायद्यापेक्षा नुकसान जास्त. फायदा कमी, कारण फोडच येत नाहीत त्या माणसाला औषध देऊन त्याचं फारसं काही बदलत नाही. आणि नुकसान काय, ते माझ्या टेबलावर पडलेल्या त्या कागदाला विचारा.

आमच्या धंद्याला हे बोलणं परवडणारं नाही, याची मला कल्पना आहे.

कुणी करायची मग?

ज्याच्या जोडीदाराला हर्पिस असल्याचं नक्की माहीत आहे, त्याला स्वतःचं काय ते जाणून घ्यायचं असेल तर करावी. एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही असं ठरलं तर उपायही आहेत. टाइप २ असलेल्यानं रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतली तर जोडीदाराला होणारी लागण जवळजवळ निम्म्यानं कमी होते, कंडोमनं आणखी कमी होते, पूर्ण थांबत मात्र नाही. ज्याला वरचेवर एकाच जागी चिरा, आग, खाज होते आणि स्वॅब, म्हणजे त्या जागेवरून कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना, दर वेळी निगेटिव्ह येतो, त्यानंही करावी. आणि कुणी नुसतं बघून 'हे हर्पिस आहे' असं पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, तपासलं काहीच नव्हतं, त्यानंही.

पण आत्ता, या क्षणी फोड असेल तर रक्त देऊ नका. फोड दाखवा. कापसाच्या काडीनं त्याच्या तळाचा स्राव घेऊन पीसीआर केली की खुद्द विषाणूच सापडतो, आणि कोणता प्रकार तेही कळतं. फोड ताजा असताना, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत जावं. खपली धरली की विषाणू हाताला लागत नाही. इथं लाज आड येते. लोक फोड बसेपर्यंत थांबतात आणि मग रक्त द्यायला येतात. चोर घरात असताना दार लावून घ्यायचं आणि तो गेल्यावर वही तपासायची, असला हा प्रकार.

जिल्हा रुग्णालयात, मोठ्या सरकारी दवाखान्यात 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथं गुप्तरोगांसाठी रंगानुसार औषधांचे संच ठेवलेले असतात, हर्पिसच्या फोडांसाठी लाल रंगाचा पाच नंबरचा. डॉक्टर फोड बघून, विचारपूस करून तो देतात. आत सात दिवसांच्या असायक्लोव्हिरच्या गोळ्या. रक्ताच्या आकड्यासाठी कुणी थांबत नाही.

"म्हणजे नवरा बाहेर…?"

हा प्रश्न पूर्ण कधीच विचारला जात नाही, अर्ध्यावरच तुटतो. लग्नाला अकरा वर्षं झालीत आणि आता एकाचा टाइप २ पॉझिटिव्ह आलाय.

आकडा चांगला वरचा असेल, पडताळूनही पॉझिटिव्ह असेल, तरी त्यावरून 'कधी' हे कळत नाही. विषाणू कित्येक वर्षं एकही फोड न देता बसून राहू शकतो. लग्नाआधीचा असू शकतो, तिचा असू शकतो, त्याचा असू शकतो. पहिला फोड आज आला म्हणजे लागण आज झाली असंही नाही. एका रक्ताच्या रिपोर्टवरून कुणाच्या वागण्याचा न्याय करता येत नाही. तसा दाखला मागायला येतात लोक. एकदा एक सासूबाई आल्या होत्या, सुनेचा रिपोर्ट घेऊन. मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

गरोदर बाईनं काय समजायचं?

बाळाला प्रसूतीच्या वेळी हर्पिस होणं दुर्मीळ असलं तरी गंभीर आहे, हे खरं. पण धोका कुणाला, ते नीट ऐका. प्रसूती जवळ आली असताना आईला आयुष्यात पहिल्यांदाच जननेंद्रियांचा हर्पिस झाला, तर बाळापर्यंत तो पोचण्याची शक्यता ३० ते ५० टक्के असते. आईला तो जुना असेल, तर एक टक्क्याहूनही कमी. कारण आईच्या आयजीजी नाळेतून आधीच बाळाकडे गेलेल्या असतात. म्हणजे जो 'आयजीजी पॉझिटिव्ह' बघून घरात रडारड होते, तो बऱ्याचदा बाळाचं कवच असतो.

जपायचं आहे ते शेवटच्या तीन महिन्यांत. जोडीदाराला फोड येत असतील तर संबंध टाळायचे, ओठावर फोड असेल तर मुखमैथुनही. आणि कळा सुरू झाल्यावर तिथं फोड किंवा आग जाणवत असेल तर लाजायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं, मग ते सिझेरियन करतात. जन्मलेल्या बाळाला बघायला येणाऱ्या, ओठावर ताजा फोड असलेल्या मामाला पापा घेऊ द्यायचा नाही. मामा रागावला तर रागावू दे.

त्या मुलीचं पुढे

तिचं म्हणणं खरं मानायला मला काहीच अडचण नव्हती. आकडाच तिच्या बाजूनं बोलत होता. संबंध आलेला नाही, लक्षणं नाहीत, आणि रिपोर्ट १.४. खोट्या पॉझिटिव्हचं याहून चांगलं उदाहरण शिकवायलाही मिळणार नाही. नुकताच कसलाही संबंध नव्हता, त्यामुळे बारा आठवडे थांबायचंही कारण नव्हतं. त्याच दिवशी रक्त घेऊन दुसऱ्या पद्धतीवर पाठवलं. चार दिवसांनी निगेटिव्ह आलं.

रिपोर्ट न्यायला ती आणि बाबा दोघं आले. बाबांनी नवा कागद दोनदा वाचला, खिशातून पेन काढलं, जरा थांबले आणि पेन परत खिशात ठेवलं. जाताना तिनं विचारलं, "जुना फाडून टाकू?" मी नको म्हटलं. दोन्ही एकत्र पिन करून फाईलला लाव. उद्या बाळंतपणाच्या वेळी कुणी पुन्हा हेच पॅकेज लिहिलं आणि पुन्हा १.४ आला, तर आधी हे दोन कागद दाखव.